हनोखचं माप

“पण खणायला परवानगी कुणी दिली, पाळकसाहेब?”

 खड्ड्यातून फावडंभर मुरूम तेवढा वर आला आणि बर्नबाच्या पांढऱ्या बुटांवर पडला.

बर्नबा दोन पावलं मागे सरकला. चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी तो. दफनभूमीच्या फाटकाची किल्ली त्याच्याच खिशात असायची. आताही कुलूप त्यानेच काढलं होतं, आणि आत येऊन बघतो तर पाळक नथनेल वाघचौरे गुडघाभर खड्ड्यात उभे.

पाळकसाहेबांचं वय अठ्ठ्याहत्तर. भिंत सहा फुटी.

गावात काही जण सांगतात की देवदूताने त्यांना काखेत धरून भिंतीवरून अलगद उतरवलं. मीही बरीच वर्षं तसंच सांगत आलो, आणि देवदूताच्या पंखांचा रंगसुद्धा सांगायचो. शेवटी एकदा त्यांनाच विचारलं.

म्हणाले, “शिडी होती रे. नाताळचा तारा टांगायची.”

असो.

“साहेब, मी तुमच्याशी बोलतोय.”

“बोल की. कान जमिनीच्या वरच आहेत अजून.”

“हनोख मंडळीतून काढलेला माणूस आहे. पंचांचा ठराव आहे तसा. काढलेल्याला भिंतीच्या आत जागा नाही. बाहेर बाभळीखाली पुरा, मी आड येणार नाही.”

“ठराव कुणी लिहिला?”

“मी.”

“अक्षर सुंदर आहे तुझं... शाळेत मीच गिरवून घेतलंय.”

फावडं पुन्हा चालू झालं.

हनोख त्या दिवशी सकाळी काविळीने गेला होता. आमच्याकडे मंडळीतलं कुणी गेलं की घरटी एक माणूस कुदळ घेऊन येतो. पाळीपाळीने खणतात, मध्येच चहा होतो, मेलेल्याच्या खोड्या आठवून हसतातही. त्या दिवशी एकही कुदळ आली नाही. सगळे आपापल्या दारात उभे राहून बर्नबाच्या घराकडे बघत होते. हनोखची बायको मार्था शवपेटीपाशी एकटी बसली होती.

हनोखचा गुन्हा एवढाच. आठ महिन्यांपूर्वी बर्नबा सरपंचपदाला उभा होता, निशाणी छत्री. तो पडला. एका मताने.

आणि मतदानाच्या आदल्या रविवारी, चर्चच्या पायरीवर, सगळ्यांच्या देखत हनोखने त्याला सांगितलं होतं, “बर्नबा, प्रार्थनेला तुझ्या मांडीला मांडी लावून बसेन. पण मत कपबशीला देणार.”

“एक मत, साहेब!” बर्नबाचा आवाज चढला. “तालुक्यातला पहिला ख्रिस्ती सरपंच झालो असतो. आपल्याच माणसाने आपल्या माणसाला मत द्यायचं नाही, तर बाप्तिस्मा घ्यायचा कशाला?”

“नळ कुठे आणणार होतास तू?”

“काय?”

“निवडून आला असतास तर. नळ.”

“आपल्या वस्तीत. चर्चच्या बोळात. आधी आपली माणसं, मग बाकीची. यात काय चुकलं?”

“आणि कपबशीवाली बाई?”

“ती म्हणत होती, ओढ्यापलीकडं. भटक्यांच्या पालांवर आधी.”

“पालांवर मतं किती?”

बर्नबाने बुटावरचा मुरूम झटकला.

“किती रे?”

“... एकही नाही. त्यांची नावंच नाहीत यादीत.”

पाळकांनी मान हलवली. हिशेब बरोबर आल्यावर वर्गात हलवायचे, तशी. पुढे काही बोलले नाहीत.

बर्नबाला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं. वाद घालायला तो जन्मापासून तयार होता. पण हे नुसतं मान हलवणं त्याच्या अंगाला झोंबलं.

“मला शिकवू नका, साहेब. मी हे तुमच्याकडूनच शिकलोय.”

फावडं थांबलं.

“बावीस वर्षांपूर्वी, तुम्ही स्वतः चर्चमध्ये पुलपिटवरून सांगितलंत मत कुणाला टाकायचं ते. ‘प्रार्थनेत मला असं वाटलं,’ म्हणालात. मी पहिल्या बाकावर होतो. तेव्हा चाललं ते?”

वर एक टिटवी ओरडत गेली. 

“प्रार्थनेत नव्हतं वाटलं,” पाळक म्हणाले. “त्या पुढाऱ्याच्या जीपमध्ये वाटलं. मग प्रार्थनेत विचारायचं राहूनच गेलं.”

“पण आला ना तो निवडून?”

“आला. आणि दिलेला शब्दही पाळला त्याने. बघ.”

त्यांनी फावड्याने भिंत दाखवली. सहा फूट उंच, चारी बाजूंनी. फाटकापाशी संगमरवरी पाटी. तिच्यावर पुढाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत आणि खाली, उरलेल्या जागेत, पवित्र शास्त्रातलं एक वचन. शेवटचे दोन शब्द मावले नव्हते.

“ही भिंत व्हायच्या आधी इथं काय होतं, बर्नबा?”

“काही नाही. माळ होता.”

“तेव्हा एखाद्याला बाहेर पुरता आलं असतं का?”



पाळक खड्ड्याच्या काठावर टेकले. हाताला फोड आले होते. ते फोडांकडेच बघत बोलू लागले.

“तू त्याला प्रभुभोजनाला बसू दिलं नाहीस. तो आठ महिने बाहेर पायरीवर बसला. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्याला घेऊन दारापर्यंत जायचो. आठ वेळा गेलो. उंबऱ्यापाशी आलो की मागे वळून तुझ्याकडे बघायचो... आणि परत फिरायचो.”

“मी तुम्हाला कधी अडवलं नाही.”

“नाही अडवलंस.”

“मग?”

“पाय माझेच होते रे. उंबराही चार बोटांचाच आहे.”

बर्नबाने रुमाल काढला, कपाळ पुसलं. नंतर, विचारायचं नव्हतं तरी, विचारलं, “तो काही म्हणायचा?”

“चर्च सुटल्यावर. दर वेळी एकच.”

“काय?”

“‘बर्नबाला प्याला मिळाला ना, साहेब?’”

मुरमाच्या ढिगावर बर्नबा खाली बसला. कडक इस्त्रीची पांढरी पँट होती. ती आठवून तो एरवी बाकावरसुद्धा रुमाल अंथरायचा.



“मोजायची टेप आणलीस?” पाळकांनी विचारलं.

“नाही.”

“मीही विसरलो. हनोखची उंची किती होती?”

“माझ्याएवढी.” बर्नबा चटकन म्हणाला. मग हळू, “माझ्या आईने नाताळचे सदरे शिंप्याकडे टाकले की माप एकाचंच द्यायची. शिवायचे दोन, एक मला, एक त्याला.”

“आणि उंट आठवतो?”

बर्नबाच्या ओठाचा कोपरा हलला.

उंट गावातल्या सगळ्यांना आठवतो. शाळेच्या नाताळच्या नाटकात बाळ येशूला बघायला येणाऱ्या मागी लोकांचा उंट हवा होता. वाघचौरे तेव्हा शाळामास्तरही होते. त्यांनी एक घोंगडी घेतली आणि खाली ही दोन पोरं घातली. पुढचे पाय मीच होणार म्हणून बर्नबा रडला. हनोख म्हणाला, बरं, मी मागचे. उंट बेथलेहेमला पोचला तो थेट गव्हाणीवर आदळला. बाळ येशू, म्हणजे डॉक्टरीणबाईंची बाहुली, उडून तिसऱ्या रांगेत पाटलांच्या मांडीत पडली. पाटील ती घरी घेऊन गेले आणि त्यांना मुलगा झाला, असं मी सांगतो. त्यातलं पाटलांपर्यंतचं खरं आहे.

“मागच्या पायांना काही दिसत नसतं, बर्नबा. तो तुझा पट्टा धरून चालला. तू नेशील तिकडं.”

“हो.”

“चाळीस वर्षं धरला त्याने तो.”

“... हो.”

“एकदाच सोडला.”

बर्नबाने रुमाल तोंडावर धरला. खांदे हलू लागले. पाळकांनी त्याला रडू दिलं. समजूत घातली नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. आपला फोडांचा हात ते धोतराला पुसत राहिले.

मग म्हणाले, “उतर.”

“कुठं?”

“खाली. लांबी बघू दे. पेटी आणल्यावर खड्डा लहान पडला तर मार्थापुढं पुन्हा खणावं लागेल. तिला तेवढं तरी बघायला लावू नये.”

“साहेब, मी... जिवंत माणसाने...”

“माप एकच आहे, तूच म्हणालास.”

बर्नबाने बूट काढले. एकाशेजारी एक नीट मांडले, चर्चच्या दारात मांडतात तसे. किल्ली खिशातून पडेल म्हणून काढली आणि बुटात टाकली. मग काठ धरून खाली उतरला आणि कोणत्या बाजूला डोकं करावं ते न कळून उभा राहिला.

“डोकं पश्चिमेला. मेलेल्यांना उठवतील त्या दिवशी तोंड सूर्याकडं व्हायला हवं.”

“सगळ्यांचं?”

“छत्रीचं, कपबशीचं. पालावरच्यांचं काय करतात ते मला ठाऊक नाही. बहुतेक आधी उठवत असतील.”

बर्नबा आडवा झाला. मुरूम ओला होता, गार होता. वर लांबट चौकोनी आभाळ आणि काठावर म्हाताऱ्याचं तोंड, एवढंच दिसत होतं. त्याने गुडघे पोटाशी घेतले. थंडीने घेतले असतील, किंवा लहानपणी घोंगडीखाली घ्यायचा तसे.

फाटक उघडंच राहिलं होतं. बाहेर कुणीतरी कुदळ टेकवून उभं राहिलेलं दिसलं. थोड्या वेळाने आणखी एक जण आला. आत पाऊल मात्र कुणी टाकत नव्हतं.

पाळकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते काठावर गुडघे टेकून वाकले, आणि वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असा आवाज लावायचे ते, पण त्या दिवशी अगदी हळू म्हणाले,

“पाय पसर, बर्नबा. त्याला अवघडायला नको.”