आईच्या पाठीचा काटा

एका डोंगराच्या उतरणीवर, करवंदीच्या जाळ्यांखाली, एक साळिंदर मावशी राहत असे. मावशी कुणाची, असे विचाराल, तर त्या उतरणीवर जन्मलेल्या झाडून साऱ्या पिल्लांची. पाठीवर काळ्यापांढऱ्या काट्यांचा भारा आणि तोंडाने अखंड बडबड, त्यामुळे मावशीच्या आधी तिचा आवाज येई. मुलांनो, साळिंदर काटे फेकून मारते असे तुम्हाला कुणी सांगितले, तर खुशाल हसा. आपले केस गळतात तसे त्याचे काटे आपोआप गळतात. त्या उतरणीवरची रीत अशी होती, की गळलेला काटा टाकून द्यायचा नाही. सगळ्यांनी आपापले काटे एका सामाईक ढिगात आणून ठेवायचे. नव्या पिल्लांचे काटे मऊ असतात आणि कोल्ह्याला ते चांगले ठाऊक असते. म्हणून पिल्ले झाली, की ढिगातले काटे बिळाच्या तोंडाशी टोके बाहेर करून रोवायचे आणि ती मोठी झाली, की परत ढिगात ठेवायचे. एकाच्या गळलेल्या काट्यांवर दुसऱ्याचे पिल्लू जगायचे.

मावशीजवळ तिचा भाचा वाढत होता. त्याची आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या काट्यांवर मधोमध रुंद पांढरा पट्टा होता. तसा पट्टा उतरणीवर दुसऱ्या कुणाचाही नव्हता. कंद उकरायला आलेल्या रानडुकरांनी मुसंड्या मारून जमीन उलथीपालथी केली आणि तिचे बीळ तिच्यासकट खचले. डुकरांचा म्होरक्या एवढेच म्हणाला, "खाली कुणी राहतं हे आम्हाला काय ठाऊक?" आणि पुढचा कंद उकरू लागला. त्या दिवसापासून भाचा हसला नाही की रडला नाही. मावशी आपल्या तोंडचा गोड कंद त्याच्यापुढे सरकवी, नाकाने त्याच्या पोटाला गुदगुल्या करी. तो कूस बदलून पडून राही.

उन्हाळा आला आणि उतरणीवर नवी पिल्ले जन्मली. मावशी काटे आणायला गेली, तर ढीग निम्मासुद्धा उरला नव्हता. तेवढ्यात तोंडात काट्यांची जुडी धरून झाडीत शिरणारा भाचा तिला दिसला.

"कुठे रे नेतोस?"

"खेळायला," तो म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

खेळायला निघालेले पोर अशी मान खाली घालून जात नाही, हे मावशीला कळत होते. पण आईविना लेकरू, त्याला आणखी कशाला टाकून बोलायचे, असे मनाशी म्हणून तिने विषय सोडून दिला. एरवी एवढे बोलणारी मावशी, नेमकी तेव्हा गप्प बसली! इतरांनीही भाच्याला काटे नेताना पाहिले होते. कुणी तोंड फिरवले. एक म्हातारा साळिंदर तर मिशीत हसून म्हणाला, "जाऊ दे की. डुकरांना अद्दल घडली तर बरंच होईल!"

अद्दल घडली ती भलत्यालाच. पाणवठ्याला जाणारी वाट साऱ्या रानाला मिळून एकच होती. तिन्हीसांजेला हरणाच्या जातीची एक लहानखुरी भेकरीण पाडसाला घेऊन पाण्याला निघाली. पाडस उड्या मारत पुढे धावले आणि किंचाळून कोसळले. पाचोळ्याखाली टोके वर करून काटे रोवलेले होते. एक काटा त्याच्या पायात रुतला, एक बरगडीत. भेकरीण, त्या जातीची हरणे भुंकतात तशी, भुंकून भुंकून ओरडली. तिच्या ओरडण्याने रान असे हादरले, की पाणवठ्याकडे कुणी फिरकेना. माकडे उंच फांदीवरून नुसती पाण्याकडे बघत बसली.

काटे कुणाचे, हे सांगायला कुणी शहाणा लागत नव्हता. सकाळी सारे रान उतरणीवर जमले. भेकरीण, काटे अजून अंगात रुतलेल्या लंगडत्या पाडसाला सांभाळत मागे उभी होती.

"बुजवा यांची सगळी बिळं!" म्होरक्या गुरगुरला. "कुणी रोवले ते शोधत बसायला वेळ कुणाला आहे?"

बिळाबिळांतून "आम्ही नाही, आम्ही नाही" असा आवाज येऊ लागला. मिशीत हसणारा म्हातारा तर म्हणाला, "तो पोरगा आमच्यातला नाहीच!"

मावशीने भाच्याला बिळाच्या कोपऱ्यात गाठले. "तूच ना?"

"मला पाडसाला मारायचं नव्हतं," तो म्हणाला. "काटा कुणाच्याही पायात गेला असता तरी सगळे घाबरले असते. मग डुकरांना हाकला तरच काटे काढतो, असं मी सांगितलं असतं आणि सगळ्यांनी मिळून त्यांना हाकललं असतं. आई गेली तेव्हा आलं होतं का कुणी विचारायला?"

"नाही आलं," मावशी म्हणाली. "तुझं दुःख खरं आहे रे राजा. पण कुणाच्याही पायात म्हणजे शेवटी कुणाच्या तरीच ना? त्यालाही आई असते."

क्षणभर तिला वाटले, याला पुढे घालावे आणि बिळाच्या मागच्या तोंडाने पळून जावे. जीव होता तिचा त्याच्यावर. पण शेजारच्या बिळातून नव्या पिल्लांची कुईकुई ऐकू आली आणि तिचा पाय निघेना. "चल बाहेर," ती म्हणाली. "मी आहे बरोबर."

बाहेर आल्यावर मावशी सरळ पाडसापाशी गेली. रुतलेला काटा जसा शिरला तसाच सरळ ओढावा लागतो, नाहीतर आत मोडतो. तिने बरगडीतला काटा दातांत धरून अलगद काढला आणि भाच्याला म्हणाली, "पायातला तू काढ."

भाचा वाकला आणि तसाच थांबला. काट्यावर मधोमध रुंद पांढरा पट्टा होता.

"मावशी, हा आईचा आहे."

"हो. तू जन्मलास तेव्हा हाच तिने तुझ्या दाराशी रोवला होता. तुला कुणी इजा करू नये म्हणून."

भाच्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. इतके दिवस अडलेले सगळेच बाहेर आले. रडत रडतच, पण मान जराही न हलवता, त्याने तो काटा सरळ ओढून काढला.

मग मावशी साऱ्या रानाकडे वळली. "काटे याने रोवले. तो दोष याचा. मी तो दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार नाही आणि याच्या दुःखाआड लपवणारही नाही. पण ढीग कमी होताना मी पाहिला आणि गप्प राहिले. ती जबाबदारी माझी. बिळातल्या पिल्लांचा मात्र यात काही संबंध नाही."

"ते काही नाही, बुजवा!" म्होरक्या पुढे सरसावला.

भेकरीण त्याला आडवी आली. "माझ्या पाडसाने कुणाचं काय केलं होतं? तरी त्याला काटे लागले. आता या पिल्लांनी काहीच केलं नसताना त्यांना मातीत गाडायचं? मग हा पोर काय आणि आपण काय! आणि यांचं बीळ खचलं तेव्हा आपल्यापैकी कोण आलं होतं? मीसुद्धा नाही आले."

म्होरक्या बराच वेळ पायाने माती उकरत राहिला. शेवटी म्हणाला, "खाली कुणी राहतं हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पण कळल्यावरही मी थांबलो नाही." त्यानंतर डुकरे कंदांसाठी पलीकडच्या माळावर जाऊ लागली.

मिशीत हसणारा म्हातारा बिळातून बाहेर आला. पाठोपाठ एकेक करून सगळीच साळिंदरे आली आणि त्यांनी वाटेवरचा काटान्‌काटा वेचला. भाच्याला शिक्षा झाली. पाडसाचा पाय बरा होईपर्यंत त्याने रोज सर्वांच्या पुढे, नाकाने पाचोळा बाजूला सारत पाणवठ्यापर्यंत जायचे. सुरुवातीला कुणी त्याच्या जवळून चालत नसे. फक्त मावशी मागून येई, बडबडत. मग एका संध्याकाळी पाडस खाली न बघता त्याच्यावरून उडी मारून पाण्याकडे पळाले.

दुसऱ्या दिवशी मावशीला भाचा ढिगापाशी दिसला. तोंडात पांढऱ्या पट्ट्याचा काटा होता. मावशी त्याच्या वाटेत पाय रोवून उभी राहिली.

"कुठे रे नेतोस?"

"शेजारच्या पिल्लांच्या दाराशी रोवायला," तो म्हणाला. "टोक बाहेर करून." आणि या वेळी त्याने तिच्याकडे पाहिले.

तात्पर्य : दुःख कितीही खरे असले, तरी निरपराध्यांना भीती घालण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, शिक्षा ज्याचा अपराध त्यालाच व्हावी, पण अपराध दिसत असूनही जे गप्प राहिले त्यांनी जबाबदारीतला आपला वाटा उचलावा.