सात अधिक पाच : शिफारशीबाबत

विषय : गणितात अध्ययन अक्षम असलेल्या मुलांसाठी ऑगमेंटेड रिॲलिटीचे चाळीस टॅब मंजूर होणेबाबत. अर्जदार : पराग लोणकर. मुदत : आज सायंकाळी पाच, नंतर पुढील वर्षी. त्रुटी : द्वारकाबाईंची सही नाही.

"पण सही का नाही, बाई?" परागने तिसऱ्यांदा विचारले.

तीन वर्षे खपून त्याने हे ॲप केले होते. टॅबमधून पाहिले की रिकाम्या बाकावर रंगीत ठोकळे उभे राहत. जिल्ह्याच्या सगळ्या साहेबांनी माना डोलावल्या होत्या. गाडी अडली होती ती त्याला दुसरीत पाढे शिकवलेल्या बाईंपाशी. अशा मुलांचा वर्ग आता त्याच चालवीत.

"या पोरीचं उत्तर येऊ दे. मग करते."

नऊ वर्षांची मनवा टॅबमध्ये डोकावली. बाकावर सात निळे ठोकळे, पाच पिवळे.

"एक... दोन... तीन... चार..."

"निळे सात आहेत ना? मग सातच्या पुढे मोज," पराग म्हणाला.

मनवा थांबली.

"एक... दोन..."

"अगं, सात झालेत. पुढे आठ."

"एक..."

परागने कपाळाला हात लावला. "बघितलंत, बाई? ॲप अगदी बरोबर आहे. हीच पुन्हापुन्हा पहिल्यापासून..."

"ॲपला मी कुठं नावं ठेवली? गुणी आहे. बोलत नाही."

"मग हरकत कशाला आहे तुमची?"

"हाताची घडी."

एम.टेक. झालेल्या माणसाने दाराकडे पाहिले. कोणी नव्हते. त्याने घडी घातली.

"तोंडावर बोट."

दोन्ही हातांची घडी घातल्यावर बोट आणायचे कुठून, हा प्रश्न त्याला दुसरीतही सुटला नव्हता. त्याने एक हात सोडवून घेतला.

पाचला दहा कमी.

"एक... दोन..."

सातव्या ठोकळ्यावर मनवाचे बोट रेंगाळले. परागच्या ओठांपर्यंत 'आठ' आला. त्याने तो गिळला. कडू औषधासारखा.

"...आठ."

पाचला दोन कमी. बाईंचा फोन टेबलावर थरथरला. शिक्षण कार्यालयातले कारकून होते.

"बाई, कुलूप लावतोय. त्या लोणकरांच्या अर्जाचं काय लिहू?"

परागचे डोळे मोठे झाले. बोट मात्र तोंडावरच राहिले.

बाईंनी मनवाकडे पाहिले. मग फोन तोंडाजवळ धरून हळूच म्हणाल्या,

"प्रलंबित लिहा. मुलगी नवावर आलीय."