उभ्याने निवडलेली सुरवार

फार वर्षांमागे एका डोंगरी किल्ल्यावर बारा स्वार होते. लढाई हे त्यांचं काम नव्हतं. किल्ल्यावरचे लखोटे आणि वैद्याच्या पुड्या खिंडीपलीकडच्या ठाण्यावर पोहोचवायच्या आणि तिकडचा निरोप घेऊन परत यायचं, एवढंच. पण ती खिंड वाईट होती. दोन्ही अंगांनी हिवर, बाभूळ आणि बोराटी इतकी दाटलेली, की मधून घोडा गेला की काटे स्वाराच्या पायांवरून ओरबाडत जायचे. पोटऱ्यांवरच्या जुन्या खपल्या निघायच्या आत नवे ओरखडे पडायचे.

या बारा जणांत एक मुलगी होती. तिचं नाव बनू. स्वभावाने बिचकणारी. मागे कुणी भांडं ठेवलं तरी दचकायची, आणि बाकीचे स्वार मुद्दाम तिच्या मागे भांडी ठेवायचे. खिंडीत मात्र हेच कामाला यायचं. झुडपातली सळसळ घोड्याच्या आधी तिला ऐकू यायची. तिला घोड्यावर बसायला शिकवलं होतं पिराजीबाबांनी. ते सगळ्यांत जुने स्वार. बोलायचे कमी, आणि बोलले तर ते गोड नसायचं.

एका वर्षी किल्लेदाराला स्वारांच्या पायांची दया आली. त्याने हुकूम काढला की बाराही जणांना चामड्याच्या सुरवारी शिवून द्या. नेहमीच्या सुरवारीवरून चढवायची, कमरेला पट्ट्याने आवळायची, कमरेपासून पावलापर्यंत सगळा पाय झाकणारी, फक्त बसायच्या जागी मागून उघडी. हुकूम चांगला होता. गडबड झाली ती निवडताना.

निवड करायचं काम पागेच्या कारभाऱ्याकडे आलं. पाग म्हणजे किल्ल्याचा तबेला, आणि हा त्या तबेल्याचा मुख्य. पण तो स्वतः मेण्यात बसून फिरायचा. त्याला शेवटचं पाठीवर घेतलेला घोडा केव्हाच म्हातारा होऊन मेला होता. तरी घोड्यांबद्दल कुणी काही विचारलं, तर उत्तर तोच द्यायचा.

चामड्याचं काम करणारा जीनगर दोन नमुने घेऊन आला. एक म्हशीच्या जाड कातड्याचा. तेल पिऊन काळपट झालेला, वासाचा, आणि इतका लांब की उभं राहिलं तर पावलावर चुण्या पडायच्या आणि कड टाचेखाली यायची. दुसरा शेळीच्या मऊ कातड्याचा. बदामी रंगाचा, दोन्ही पायांवर वरपासून खालपर्यंत पितळी फुल्या ठोकलेल्या, आणि घोट्याशी अगदी बेताने संपणारा.

निवड सदरेवर झाली. सदरेवर गालिचा होता, म्हणून घोडा आणायचा प्रश्नच नव्हता. मोठा आरसा मात्र आणला होता. कारभाऱ्याने आधी काळी सुरवार चढवली, आरशात पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. मग बदामी चढवली, एकदा या अंगाने आणि एकदा त्या अंगाने पाहिलं, आणि म्हणाला की दसऱ्याच्या मिरवणुकीत बारा जण अशा सुरवारी घालून ओळीने उभे राहिले, तर शेजारच्या किल्ल्याचे लोक महिनाभर तेच बोलतील.

मग त्याने रीत म्हणून विचारलं, कुणाची काही हरकत?

स्वार गप्प होते. जीनगराला खरं काय ते माहीत होतं. त्याचा सगळा जन्म खोगिरं शिवण्यात गेला होता. पण तो गालिच्याकडे बघत म्हणाला की तो दोन्ही शिवतो, सांगाल ते शिवेल. पिराजीबाबा त्या दिवशी लखोटा घेऊन ठाण्यावर गेले होते.

बनूने धीर केला. हळू आवाजात म्हणाली की घोड्यावर बसलं की गुडघा वाकतो, आणि गुडघा वाकला की चामडं वर चढतं. उभं असताना लांब वाटते तीच बसल्यावर बरोबर येते. एकदा खोगिरावर बसून बघितलं तर बरं होईल. आणि फुल्या आतल्या बाजूलाही आहेत, त्या घोड्याला घासतील.

कारभाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग त्या काळ्या सुरवारीकडे पाहिलं.

"बनू, ही काय तुझ्या आजीची नऊवारी आहे का, सावरत सावरत चालायला?"

सगळे हसले. जीनगर हसला. जे स्वार रोज सोललेल्या पोटऱ्यांना हळद लावायचे, तेसुद्धा हसले.

आणि बनूही हसली.

का हसली, याचं तिला पुढे कधीच नीट उत्तर देता आलं नाही. सगळे हसत असताना एकटंच गंभीर उभं राहणं तिला जमलं नाही, एवढंच. तिचं हसू बघून कारभारी खूश झाला. म्हणाला, बघा, पोरीलाही पटलं.

बारा बदामी सुरवारी शिवून आल्या. दसऱ्याला स्वार ओळीने उभे राहिले आणि खरंच छान दिसले.

दसऱ्यानंतर ते खिंडीत गेले. घोड्यावर मांड टाकल्याबरोबर सुरवारी वर चढल्या. खाली अर्धी नडगी उघडी, आणि गुडघ्यामागे चामड्याचा बोळा. त्या बोळ्यामुळे मांड घट्ट बसेना. फुल्यांनी आठ दिवसांत घोड्यांच्या बरगड्या सोलल्या, त्यामुळे घोडे पाय लागला की अंग चोरायला लागले. पातळ कातडं मांडीवर फाटलं. स्वार आपापसात कुरकुरत होते. कारभाऱ्याला जाऊन सांगायचं, असं रोज ठरायचं आणि रोज राहायचं. बनूही त्यात होती. आता काय उपयोग, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. एकदा सांगून झालं ना आपलं.

दहाव्या दिवशी पिराजीबाबा खिंडीत पडले. घोड्याने अंग झटकलं, गुडघ्यामागच्या बोळ्यामुळे त्यांची मांड सुटली, आणि ते हिवराच्या जाळीत फेकले गेले. बोटाएवढा काटा गुडघ्यात शिरून आत मोडला. वैद्याने दोन तुकडे काढले. तिसरा आतच राहिला. जखम भरली, पण गुडघा वाकेना. तो पुढे कधीच वाकला नाही.

बनू त्यांना भेटायला गेली तेव्हा ते भिंतीला टेकून, पाय काठीसारखा समोर ठेवून बसले होते. तिला बघून ते म्हणाले, "ती बदामी सुरवार आण गं माझी. आता मला बरोबर बसेल. पाय वाकतच नाही ना."

बनू तिथून बाहेर आली तेव्हा तिचे हात थरथरत होते. तिला आधी वाटलं की आपण घाबरलोय. मग तिच्या लक्षात आलं, ही भीती नव्हे. तिला भीतीची इतकी सवय होती की राग तिला ओळखूच आला नव्हता.

पुढचं ऐकून तर कुणालाही राग येईल. कारभाऱ्याने किल्लेदाराला कळवलं की पिराजीचं वय झालं होतं, हात सैल पडला होता, चूक स्वाराची आहे. किल्ल्याचा नियम असा होता, की सरकारी कामात जायबंदी झालेल्या स्वाराला पागेत जन्मभर जागा आणि शिंगरांना शिकवायचं काम मिळायचं. पण चूक स्वाराची असेल तर किल्ला सोडावा लागायचा. पिराजीबाबांना किल्ल्याखाली घर नव्हतं, माणूस नव्हतं.

चौकशीला किल्लेदार स्वतः सदरेवर येऊन बसला. पिराजीबाबांना एका खांबाला टेकून उभं केलं होतं. कारभारी एकेका स्वाराला पुढे बोलावून विचारत होता, आणि एकेक स्वार खाली बघून म्हणत होता की हो, बाबांचं वय झालं होतं. दहा जणांनी असं सांगितलं. दहाही जणांच्या पायांवर त्या सुरवारींनी केलेल्या जखमा होत्या. स्वतःच्या पायांवर जखमा असताना माणसं असं कसं बोलतात? बोलतात. समोरचा मेण्यातून फिरणारा असला की बोलतात.

अकरावी बनू होती.

ती पुढे आली आणि तोंड उघडायच्या आत तिचे डोळे भरून आले. राग आला की तिचं असं व्हायचं. आवाज चिरकायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग लोक तिची समजूत घालायला लागायचे. कारभारीही मऊ आवाजात म्हणाला, "रडू नकोस पोरी. म्हातारा सगळ्यांचाच लाडका होता."

"मी रडत नाहीये," बनू म्हणाली. "मला राग आलाय."

तिचा आवाज चिरकला. चिरकलेल्या आवाजातच ती बोलत राहिली, थांबली नाही. तिने किल्लेदाराला सांगितलं की बाबांचा हात सैल नव्हता, सुरवार आखूड होती. आणि हे नुसतं सांगून पटणार नसेल तर एक खोगीर आणवा, सदरेच्या कठड्यावर घाला, आणि कारभाऱ्यांना ही सुरवार घालून वर बसवा.

कारभारी म्हणाला की भर सदरेवर असले पोरखेळ शोभत नाहीत. बाकीच्यांकडे बघून तो हसलाही. दोघातिघांच्या ओठांवर सवयीने हसू आलं. बनू वळून त्यांच्याकडे बघत राहिली, आणि ते हसू तिथेच मेलं.

किल्लेदाराने खोगीर आणायला सांगितलं.

कारभाऱ्याने सुरवार चढवली. उभा राहिला तेव्हा ती घोट्याशी अगदी बेताने बसली होती. मग दोघांनी हात देऊन त्याला कठड्यावरच्या खोगिरावर चढवलं. त्याने रिकिबीत पाय घातले, गुडघे वाकले, आणि बदामी चामडं सरसर वर चढलं. खाली त्याची गोरी, कधी ऊन न लागलेली नडगी सगळ्या सदरेला दिसली. बनूने तिथे अंगठा टेकवला.

"काटा इथे लागतो," ती म्हणाली. मग गुडघ्यामागचा बोळा मुठीत धरून हलवला. कारभाऱ्याचा तोल गेला आणि त्याने पटकन खोगीर धरलं. "आणि मांड इथून सुटते. हा कठडा आहे. घोडा असता तर तुम्ही जाळीत असता."

कारभारी खोगिरावर बसूनच म्हणाला, "हे मला आधी कुणी सांगितलं नाही."

"मी सांगितलं होतं. इथेच, याच गालिच्यावर. तुम्ही हसलात, आणि तुमच्याबरोबर मीही हसले. माझ्या हसण्याचं काय झालं ते मला रोज दिसतंय. ते बघा, खांबाला टेकून उभे आहेत. तुमच्या हसण्याचं काय ते आता तुम्ही बघा."

किल्लेदाराने निकाल द्यायला वेळ लावला नाही. पिराजीबाबा पागेत राहतील आणि शिंगरांना शिकवतील. जीनगराने अकरा स्वारांसाठी काळ्या, जाड, लांब सुरवारी शिवायच्या, आणि प्रत्येकाचं माप त्याला त्याच्या घोड्यावर बसवून घ्यायचं. त्या शिवून होईपर्यंत खिंडीतली पिराजीच्या वाट्याची फेरी कारभाऱ्याने मारायची. त्याने स्वतः निवडलेल्या सुरवारीत.

कारभारी पहिल्या फेरीहून परत आला तो घोड्यावरून उतरलाच नाही, त्याला उतरवून घ्यावं लागलं. दुसऱ्या फेरीनंतर त्याने जीनगराकडे निरोप धाडला की जेवायला घरी जाऊ नको, डबा मी पाठवतो, पण हात चालव. तिसऱ्या फेरीनंतर त्याने घोड्यांबद्दल स्वतःहून बोलणं बंद केलं.

नव्या सुरवारी आल्या. उभं राहिलं की गबाळ्या दिसायच्या, पावलावर चुण्या पडायच्या. घोड्यावर बसलं की कड बरोबर घोट्याच्या हाडाखाली यायची. आतून कुठे पितळेचा कणही नव्हता. सगळे बंद बाहेरच्या अंगाला. महिनाभर त्या कडक होत्या आणि कुरकुर वाजायच्या. मग तेल पीत पीत त्यांनी ज्याच्या त्याच्या गुडघ्याचा बाक धरला.

बनू ते सांगायला पिराजीबाबांकडे गेली. ते पागेच्या अंगणात एका अवखळ शिंगराची दोरी धरून उभे होते. तिला वाटलं होतं, बाबा निदान आज तरी बरं काही बोलतील. सदरेवर ती काय बोलली हे सगळ्या किल्ल्यात पोहोचलं होतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आवाज आहे की तुला. पहिल्याच दिवशी असा काढला असतास, तर आज मी खिंडीत असतो."

बनूच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं. मी सांगितलं होतं. माझं कुणी ऐकलं नाही. सगळेच हसले. मी तर लहान, एकटी. यातलं काहीही खोटं नव्हतं. पण समोर तो न वाकणारा पाय होता.

"हो बाबा," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली आणि शिंगराकडे वळले. तिला माफ केलं असं ते बोलले नाहीत, आणि तिनेही माफी मागितली नाही.

पुढे बनू पागेतली जुनी स्वार झाली. नवीन स्वाराचं माप घ्यायचं असलं की ती त्याला घोड्यावर बसवायची आणि विचारायची, कुठे आवळतंय, कुठे घासतंय? काही जण लाजत पुटपुटायचे. ती त्यांना सोडायची नाही. सगळ्या अंगणाला ऐकू जाईपर्यंत तेच परत परत बोलायला लावायची.

या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य: काटे ज्याच्या पायाला लागणार, वस्तू त्याच्या मापाने आणि त्याला विचारून निवडावी. आणि ती चुकीची निवडली जातेय हे ज्याला दिसतं, त्याने इतरांच्या हसण्यात आपलं हसू मिसळू नये, तिथेच मोठ्याने बोलावं. नंतर कितीही खरा राग आला तरी त्याने गुडघा वाकत नाही.