वचनाचे गोळे

त्या वारुळात उकाडा वाढत चालला होता आणि ही गोष्ट आता कुणी नाकारत नव्हते.

नाकारण्याचे दिवस मागे पडले होते. पूर्वी सभेत कुणी उकाड्याचा विषय काढला की मागच्या बाजूला खसखस पिके. आता उकाड्याबद्दल चार शब्द बोलल्याशिवाय सभा सुरूच होत नसे.

वारुळातल्या वाळव्यांना डोळे नव्हते. त्यांच्या मिशांनाच सगळे कळे. चावलेल्या लाकडावर त्या बुरशीचे मळे पिकवत आणि त्या बुरशीवर जगत. मळा जितका मोठा, तितकी त्याची ऊब जास्त. वारुळाच्या मधोमध एक उभे धुराडे होते. त्यातून मळ्यांची ऊब बाहेर जाई आणि बाहेरची ओलसर गार हवा आत येई. ते कुणी बांधले, हे कुणालाच आठवत नव्हते.

वारुळात तीन आळ्या, म्हणजे तीन वस्त्या होत्या. तळाशी थोरली आळी. तिचा मळा सर्वांत जुना आणि अवाढव्य. मधल्या आळीचा मळा अलीकडचा, पण झपाट्याने पसरत होता. धाकटी आळी सगळ्यांत वर. तिचा मळा पसाभर. खालच्या दोघींची ऊब मात्र आधी तिच्याकडे येई.

लिंपी या धाकट्या आळीत अंडी सांभाळी. मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडची एक अख्खी खोली सुकून गेली होती. तिने ती अंडी एकेक करून बाहेर नेऊन ठेवली. तेव्हापासून तिला एकच नाद लागला. हवा नेमकी अडते कुठे?

तिने गळून पडलेला एक पंख शोधला आणि धुराड्याच्या भिंतीत रोवला. झुळूक आली की पंख थरथरे आणि ती थरथर तिच्या मिशांना कळे.

"काय लिंपे, उडायचा बेत दिसतोय," येणारेजाणारे म्हणत.

"उडाले तर तुम्हाला आधी सांगेन," ती म्हणे आणि पंख उपटून थोडा वर लावी.

तळाशी पंख लगबगीने हलत होता. मध्यावर मंद झाला. त्याहून वर तो जेमतेम शहारत होता. तिला आणखी एक गंमत कळली. प्रत्येक सभेनंतर पंखाची थरथर थोडी कमी होई. सभेचा आणि वाऱ्याचा काय संबंध? ती आणखी वर चढली आणि तिच्या मिशा मातीवर आपटल्या.

ते वचनाचे गोळे होते.

त्या राज्यात शब्द नुसत्या तोंडाने देत नसत. वचन देणाऱ्याने तोंडभर माती लाळेत भिजवायची, तिचा गोळा वळायचा आणि सभेपुढे ठेवायचा. गोळ्याला तडा जाणे फार अशुभ. म्हणून सगळे गोळे वारुळातल्या सर्वांत गार जागी, म्हणजे धुराड्यात, एकावर एक रचून ठेवत. ठेवलेला गोळा काढणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे. मळा पाव हिश्श्याने कमी करण्याचे गोळे तिथे होते, निम्म्याने कमी करण्याचेही होते. खाली मळे होते तसेच वाढत होते.

लिंपी सभेत उभी राहिली. "काका, धुराडं बुजलंय. आपल्याच गोळ्यांनी."

सभेचे प्रमुख पोयटेकाका थोरल्या आळीचे होते. त्यांनी शांतपणे विचारले, "म्हणजे वचनं द्यायचीच नाहीत, असं म्हणणं आहे का तुझं?"

"द्या की. पण गोळे तिथून काढा. नाहीतर मळे तरी कमी करा."

"आमचे गोळे सगळ्यांत आधीचे. त्यांना हात लावता येणार नाही."

"आणि मळ्याला?" मधल्या आळीची भुसाक्का उसळली. "इतकी वर्षं तुम्ही ओरपलंत. आम्ही आत्ता कुठे पाटावर बसलो, तर तुम्ही ताट ओढायला हजर! आधी तुम्ही कमी करा."

"अक्का, तुमचा मळा दुप्पट वेगानं वाढतोय," पोयटेकाका म्हणाले.

"वाढणारच! उपाशी राहिलेल्यांचा आहे तो."

सभा उठली आणि जाताना दोन्ही आळ्यांनी एकेक गोळा ठेवला.

आता गोळ्यांच्या थराशी एकच फट उरली होती. वारुळात येणारी सगळी हवा तिथूनच येत होती. लिंपीने धाकट्या आळीतली उरलेली अंडी एकेक करून त्या फटीत आणून ठेवली आणि तिथेच बसून राहिली. दोन दिवसांत त्यांचे सुरकुतलेले कवच ताणले गेले. एका अंड्यावर तिने मिशा टेकवल्या, तर आत काहीतरी हलले. ती पुन्हा टेकवून खात्री करत राहिली.

ही बातमी खाली पोचली आणि सभा खरोखर हेलावली. भुसाक्का भांडायचे विसरली. पहिल्यांदाच तिन्ही आळ्यांनी मिळून एक गोळा वळला, आजवरचा सर्वांत मोठा. वचन असे होते: धाकट्या आळीचे एकही अंडे यापुढे सुकू द्यायचे नाही.

गोळा ढकलत सगळे वर आले. ठेवायला जागा एकच होती.

"मावशी, अंडी जरा उचला," पुढचा शिपाई अदबीने म्हणाला. "तुमच्याच वचनाला जागा करायचीय."

"अरे, हीच तर जागा..." ती म्हणेपर्यंत गोळ्याची कड अंड्यांना लागली होती. अंडी घरंगळू लागली. धाकट्या आळीतल्या बायका धावल्या, मिळतील तशी अंडी त्यांनी तोंडात धरली. हलणारे अंडे लिंपीने धरले. अंडे तोंडात असले की बोलता येत नाही.

"कुणाची हरकत?" पोयटेकाकांनी रीतीप्रमाणे विचारले.

धाकट्या आळीकडून कुणी काही बोलले नाही.

गोळा फटीत चपखल बसला. कडेला बारीकशी भेग राहिली, पण वाळवीला उघडी भेग सोसत नाही. दोघातिघांनी ती लगेच लिंपून टाकली. मग आनंदाच्या प्रसंगी करतात त्याप्रमाणे सगळ्यांनी जमिनीवर डोकी आपटून गजर केला. एरवी हा गजर धुराड्यातून वर निघून जाई. आज तो चारी बाजूंनी परत आला, दुप्पट होऊन.

"अशी दाद आजवर कुठल्याच सभेला मिळाली नव्हती," पोयटेकाका भारावून म्हणाले. "पुन्हा एकदा!"

सगळ्यांनी पुन्हा डोकी आपटली.