एक जूनचे पेढे

भरवसा कुणावर ठेवावा, सांगा बरं: प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणाऱ्यावर, की मधूनच ‘ते मला ठाऊक नाही’ म्हणणाऱ्यावर? घाई करू नका. आमच्या पेठेत एक दलाल होता. कुठलंही पोतं दाखवा, ‘बरोबर पन्नास किलो’ म्हणून मोकळा. ऐकायला गोड वाटे. पण ज्याने एकदा तरी काटा हाताळला आहे त्याला कळतं, खरं वजन इतकं शिस्तीत येत नसतं.

तर एकदा एका वृद्ध डॉक्टरांनी मोठं संशोधन हाती घेतलं. लोक त्यांना आप्पा म्हणत. अकरा जिल्हे, चाळीस हजार माणसं. प्रत्येकाचं रक्त, वजन, आजार, जन्म, सगळ्याची नोंद. उतारवयात जडणाऱ्या एका आजाराची मुळं जन्मवेळेपर्यंत पोचतात का, एवढंच शोधायचं होतं. प्रत्येक जिल्ह्याच्या माहितीला एक व्यवस्थापक, आणि त्या अकरा जणांवर आप्पांची एक शिष्या. हुशार, कष्टाळू, शब्दाची पक्की. तिने नियम घातला की एकही रकाना रिकामा राहता कामा नये. जन्मतारीख भरल्याशिवाय संगणक पुढचं पानच उघडत नसे.

तीन वर्षांत दहा जिल्हे शंभर टक्के पूर्ण झाले. अकरावा डोंगराकडचा; तिथे रेंज नसल्याने काम कागदावर चाले. त्याचा व्यवस्थापक गावित एकसष्ट टक्क्यांवर अडकला होता.

“बाकीच्यांना जमतं, तुम्हालाच का जमत नाही?” शिष्येने बैठकीत विचारलं.

“मॅडम, लोकांना तारीख ठाऊक नाही. मी कुठून आणू?”

“बाकीच्यांनी कुठून आणली?”

“ते त्यांनाच विचारा.”

शेजारच्या जिल्ह्याचा व्यवस्थापक म्हणाला, “याच्याकडे माणसं जन्मत नाहीत मॅडम, उगवतात.” सगळे हसले. गावितही हसला, पण रकाने त्याने भरले नाहीत. अखेर त्याचा जिल्हा वगळून गणित मांडलं.

उत्तर थक्क करणारं निघालं: जूनमध्ये जन्मलेल्यांना तो आजार इतरांच्या दुप्पट! आठ दिवसांनी देशभरच्या तज्ज्ञांपुढे हे मांडायचं ठरलं. तीन वर्षांची मेहनत आणि आप्पांची आयुष्यभराची पत त्या एका वाक्यावर तोलली जाणार होती.

आप्पांनी आकडे वाचले, चष्मा पुसला आणि दोनशे पेढे मागवले. सर्वांना वाटलं, यशाचे. आप्पा म्हणाले, “आपल्या यादीत नऊ हजार माणसं एक जूनला जन्मली आहेत. दहाही जणांनी वीस-वीस घरी जायचं आणि वाढदिवसाचा पेढा द्यायचा.”

“आप्पा, नोव्हेंबर चालू आहे,” एकाने धीर करून म्हटलं.

“मग उशिराचा द्या.”

शिष्या चिडली. “आठ दिवस उरलेत, आणि माझी माणसं पेढे वाटत फिरणार?”

“तूही जा त्यांच्याबरोबर,” आप्पा शांतपणे म्हणाले.

ती गेली. पहिल्याच घरी एक म्हातारी शेंगा फोडत होती.

“कसला पेढा, बाई?”

“वाढदिवसाचा, आजी. एक जूनचा.”

म्हातारीने हसता हसता पदर तोंडाला लावला. “त्यो व्हय! त्यो मास्तरांनी लिवला. साळा जूनात उघडायची. ज्याला तारीख नाय त्याचा जल्म एक जूनचा. आमचे हे बी एक जूनचेच.”

“मग खरा जन्म कधीचा?”

“तारीख कुनाला ठावं? पर आय सांगायची, मी पोळ्याच्या आदल्या दिशी झाले. घरात दाना नव्हता. शेजारनीनं मूठभर कण्या दिल्या, तवा तिनं पेज पेली.” तिने पेढा मोडून अर्धा नवऱ्याला दिला. “कुनी विचारलं तरी, एवढ्या वर्सांनी.”

दहाही जण हेच ऐकून परतले. शिष्येने भाषणाचे कागद आप्पांसमोर ठेवले. “निष्कर्ष चुकला. एक जूनवाले बहुतेक सगळे म्हातारे. आजार वयाचा, आणि मी तो महिन्याच्या माथी मारला. पण माझ्या माणसांनी मला फसवलं, आप्पा.”

आप्पा म्हणाले, “फसवलं कसलं? तू भरलेला रकाना मागितलास, त्यांनी दिला. मास्तरांनाही वरून तसाच रकाना भरायला सांगितलं होतं. प्रमुखाने अज्ञानाला जागा ठेवली नाही, की तिथे असत्य येऊन बसतं, आणि तेही सद्भावनेने. एकाने तुला आपलं अज्ञान जसंच्या तसं आणून दिलं; त्यालाच तू वगळलंस. त्याचे कागद उघडलेस कधी?”

तिने ते त्याच दुपारी उघडले. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘पोळ्याच्या आगेमागे’, ‘भात कापताना’, ‘होळीआधी पाच दिवस’. पानामागून पान.

“गावित, हे सांगितलं का नाहीत?”

“मॅडम, याला रकाना नव्हता.”

शिष्येने तज्ज्ञांना स्वतः कळवलं की निष्कर्ष मागे घेत आहोत, आणि का. मग फॉर्मवर दोन रकाने वाढले: ‘ठाऊक नाही’ आणि ‘सण किंवा सुगी’. म्हाताऱ्यांना कसं विचारायचं हे दहा जणांना गावितने शिकवलं. ज्याने ‘उगवतात’ म्हणून त्याची चेष्टा केली होती, तोच सर्वांत जास्त ‘ठाऊक नाही’ घेऊन आला आणि बैठकीत छाती पुढे काढून मोजून दाखवू लागला.

वर्षभराने खरं उत्तर उगवलं. श्रावण-भाद्रपदात, जुनं धान्य संपून नवं यायच्या आधी जे जन्मले, त्यांना तो आजार अधिक; अकराही जिल्ह्यांत, आणि वयाचा फरक वजा केला तरी. तज्ज्ञांनी तासभर उलटसुलट प्रश्न विचारले. मांडणीचा एक दगड हलला नाही. शेवटी सभागृह उभं राहिलं, तेव्हा शिष्येने गावितला हाताला धरून पुढे आणलं. पुढच्या श्रावणात त्या अकरा जिल्ह्यांतल्या गर्भवतींच्या घरी सरकारी धान्याची पोती पोचली.

आता माझी एक विनंती. वही दुकानाची असो, दवाखान्याची असो वा कचेरीची, तिच्यावर कुणाचं तरी पोट, कुणाचा तरी जीव उभा असतो. तेवढी प्रामाणिकपणे लिहा.