शंभर फवारे

फार फार वर्षांपूर्वी उत्तरेच्या बर्फाळ समुद्रकाठी शिकारी भाल्यांची सभा भरली. यंदा किती देवमासे मारले तर त्यांचा वंश टिकेल, हे ठरवायचं होतं. मोजणीला कुरव पक्षी बसवला होता.

"दिवसभरात शंभर फवारे उडाले, म्हणजे शंभर देवमासे," कुरव म्हणाला. "दहा खुशाल मारा!"

बर्फाखाली ऐकणाऱ्या म्हाताऱ्या देवमाशाच्या अंगाचा तिळपापड झाला. फवारा सोडत तो उसळून वर आला.

"डोळे फुटले का रे तुझे? ते सगळे फवारे माझेच होते! सकाळपासून बर्फाच्या या फटीतून त्या फटीत हिंडतोय, माझं कुणी उरलंय का बघायला!"

मग सगळ्यांत जुना भाला खाकरला.

"कुरवा, आकडा दुरुस्त कर. हा आत्ताचा धरून एकशे एक."