फटी बुजवणारे हात

फार पूर्वी, जिथे जमीन कमी आणि बर्फच जास्त अशा उत्तरेकडच्या मुलखात एक शिकारी राहत होता. वाटेत मुक्काम पडला की तो बर्फाचं घर बांधायचा. आपण मधोमध उभं राहून बर्फाच्या विटा स्वतःभोवती गोल चढवत न्यायच्या आणि वर घुमट मिटला की खालून दार कोरायचं, अशी तिकडची रीत. त्याचा घुमट इतका सुबक असे, की बघणारे बघतच राहत. त्याची सासू तेवढा वेळ बाहेर वाऱ्यात उभी राहून विटांमधल्या फटींत भुसभुशीत बर्फ दाबत असे. तिच्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नसे.

कौतुक ऐकून ऐकून स्वारी हवेत गेली. एका सकाळी कुत्र्यांची गाडी जुंपताना त्याने बायकोला ऐकवलं, की तुझ्या आईपायी मला उशीर होतो, मी पुढे जातो, तुम्ही या मागून. सासूबाईंनी ते ऐकलं आणि दुसरी गाडी जुंपली.

दुपारी वादळ सुटलं. त्याने घाईघाईने घर उभं केलं आणि आत चरबीचा दिवा लावला. दिवा विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. फटीफटींतून वारा शिट्ट्या घालत होता. आतून बर्फ कोंबला, तर तो त्याच्याच डोक्यावर पडला. बाहेरून थापला, तर वाऱ्याने उडवून नेला. तो कसा दाबायचा, हे त्याने सासूला कधी विचारलंच नव्हतं. बोटं लाकडासारखी झाली. रात्रभर असंच राहिलं तर आपण वाचत नाही, हे त्याला कळून चुकलं.

तेवढ्यात भिंतीबाहेर थप थप आवाज आला. एक शिट्टी थांबली. मग दुसरी. आवाज हळूहळू घराला वळसा घालून आला आणि आत अगदी शांत झालं.

कुत्र्यांनी माग काढत मागची गाडी आणली होती. बायको आणि सासू सरपटत आत आल्या.

"जावईबापू, लावा आता दिवा," सासूबाई म्हणाल्या.

ज्योत हलली नाही. त्याने सासूबाईंचे गारठलेले हात स्वतःच्या अंगरख्यात घेऊन पोटाशी धरले. त्याला रडूच आलं.

"आई, आजवर मी नुसत्या भिंती रचल्या. घर तुम्ही केलंत."

"मग शिकून घ्या की," त्या हसून म्हणाल्या.

पुढच्या मुक्कामी सासूबाई आत दिव्यापाशी बसल्या होत्या आणि जावईबापू बाहेर वाऱ्यात फटी बुजवत होते.

तात्पर्य: आपल्याला ऊब देणारे हात पुष्कळदा बाहेर थंडीत असतात, त्यांना आत बोलवावं आणि कधीतरी त्यांच्या जागी आपण उभं राहावं.